सैल बाजूचा रोलर

लालबागच्या मसाला चक्कीचा पट्टा तुटून चक्की चालवणाऱ्या दीपकच्या तोंडावर बसला आणि त्याचे दोन्ही डोळे गेले. पट्टा ताणून धरणारा रोलर बुधाजी फिटरने बसवला होता. गल्लीने त्यालाच दोष दिला. महिन्याभराने तो चक्कीत आला. दीपकच्या बायकोने, प्रितीने, मोटर चालू केली.

"मोटर उलटी फिरतेय," बुधाजी म्हणाला. "रोलर मी सैल बाजूला लावलेला, जिथे पट्ट्यावर ताण नसतो. दिशा उलटली की तीच बाजू ओढीची होते, पट्टा तिथेच तुटतो. वायरी कुणी फिरवल्या?"

"अपघाताच्या आधी ज्याने विजेचा नवा मीटर बसवला, त्याने."

बुधाजी मिरच्यांच्या पोत्यावर बसला. "म्हणजे माझी चूक नव्हती."

"पट्ट्याचा आवाज बदललाय, हे ह्यांनी ओळखलं होतं, काका. तुम्हाला चार फोन लावले. तुम्ही उचलला नाही, म्हणून स्वतःच वाकून बघायला गेले."