काठावरचे मास्तर

मास्तरांनी कंगवा ओला केला आणि डाव्या कानावरची लांब बट उचलली. ती टाळूवरून पलीकडे नेऊन उजव्या कानाशी टेकवली, वरून जेल चोपडलं आणि श्वास रोखून आरशात पाहिलं. बसली. दुपारी पोहण्याचा तलाव बंद असे. आत फक्त ते आणि त्यांची मुलगी चिमणी, दोघंच होती. तरीही बट बसायलाच हवी होती.

आज चिमणीला पाण्यात ढकलायचं, हे त्यांनी सकाळीच ठरवलं होतं. तिच्या बरोबरीची पोरं खोल पाण्यात सूर मारू लागली होती आणि ही अजून पहिल्या पायरीवर गुडघे पोटाशी घेऊन बसत होती. समजावून झालं, रागावून झालं, नव्या सायकलचं आमिष दाखवून झालं. पोहण्याच्या मास्तरांची मुलगी आणि पाण्याला भिते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं लोक त्यांच्या तोंडावर म्हणत. मास्तरांनाही त्यांच्या गुरूंनी असंच ढकललं होतं. त्यामुळे ते पोहायला शिकले, पण पाठीवरचा तो हात त्यांनी त्या माणसाला कधी माफ केला नाही. आता तोच हात आपला होणार, या विचाराने त्यांना जेवण गेलं नव्हतं.

केसांची कथा जुनी होती. आधी कपाळ मागे सरकलं, मग माथा उघडा पडला. सलूनवाला म्हणाला, सरळ मशीन फिरवू, मोकळे व्हाल. मास्तरांना मोकळं व्हायचं नव्हतं. त्यांनी काळी पावडर लावून पाहिली. ती घामाबरोबर मानेवरून ओघळली. केसांचा टोप आणला, तर तलावाच्या दमट हवेत त्याची चिकटपट्टी सुटली आणि तो बिचारा कपाटात जाऊन झोपला. दाढी ठेवली की बघणाऱ्याचं लक्ष खाली राहतं असं कुणी सांगितलं, म्हणून दाढीही झाली. शेवटी भरवसा उरला तो या बटेचा. जमिनीवर ती इमानी होती, पाण्यात मात्र फितूर. एकदा पोहून वर आल्यावर त्यांनी रबरी टोपी काढली, तर बट टोपीबरोबर ताठ उभी राहिली. काठावरच्या दोन पोरी हसल्या. बाकी काही झालं नाही, पण त्या दिवसापासून मास्तर पाण्यात उतरले नाहीत.

पाण्यातलं काम सहायकाकडे गेलं. मास्तर काठावरून शिट्टी वाजवत आणि लांब काठी पुढे करत. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, हे त्यांना कळत होतं. कान दुखतो, एवढंच ते सांगत. खऱ्या कारणाबाबत त्यांनी घरातसुद्धा ताकास तूर लागू दिली नाही.

पाणी मग स्वप्नात येऊ लागलं. स्वप्नात ते पाठीवर पडून तरंगत असत, कान पाण्याखाली, वर छताच्या काचा आणि अंगाला वजन म्हणून नाही. छातीवर दोन वर्षांची चिमणी पालथी निजलेली असे. खरोखरच ते तिला तसं घेऊन तरंगत असत, पूर्वी. स्वप्नात आपल्या डोक्यावर केस होते की नव्हते, हे त्यांना जागं झाल्यावर कधी आठवत नसे. आठवायचा तो तिचा श्वास.

आता ती पायरीवर त्यांच्याकडे पाठ करून बसली होती. छताच्या काचांतून ऊन पाण्यात पडलं होतं आणि त्याच्या लाटा भिंतींवर सावकाश हलत होत्या. सगळा तलाव झोपेत श्वास घेत असल्यासारखा वाटत होता. मास्तर अनवाणी तिच्या मागे आले, वाकले. त्यांचा हात तिच्या पाठीपासून वीतभर अंतरावर होता.

"बाबा," ती मागे न बघता म्हणाली, "या पाण्यात काय आहे?"

"काही नाही, बाळा."

"मग तू का उतरत नाहीस?"

कान दुखतो, असं ते सवयीने म्हणाले. चिमणीने मान हलवली. कानात तू कधी औषध घालत नाहीस, ती म्हणाली. मग तिने आवाज अगदी खाली आणला, पाण्याला ऐकू जाऊ नये असा.

"आधी तू रोज पोहायचास. मग एकदम बंद केलंस. मला वाटलं, तुला आत काहीतरी दिसलं असेल. मी भिऊ नये म्हणून तू सांगत नाहीस."

मास्तरांचा हात तिथेच राहिला. हसणाऱ्या त्या दोन पोरी त्यांना लख्ख आठवत होत्या. त्या दिवशी याच पायरीवर बसून चिमणीही बघत होती, हे मात्र त्यांना आज आठवलं. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की डोळे भरून आले.

त्यांनी शर्ट काढून कठड्यावर टाकला. टोपी खुंटीवर होती, ती तिथेच राहू दिली. तिच्या शेजारून ते एकेक पायरी उतरले. पाणी घोट्याला लागलं, मग पोटाला, मग गळ्याला. इतके दिवस कुठे होतास, असंही ते विचारत नव्हतं. मास्तर पाठीवर पडले. कान पाण्याखाली गेले, छताच्या काचा वर आल्या आणि अंगाचं वजन नाहीसं झालं. जेल विरघळलं. बट टाळूवरून सुटली आणि पाण्यावर पसरत हळूहळू बाजूला निघाली. त्यांचा हात सवयीने डोक्याकडे गेला आणि अर्ध्या वाटेत थांबला.

त्यांनी मान जरा उचलून पाहिलं. चिमणी उभी राहिली होती. डोळे विस्फारून ती त्यांचा ओला, उन्हात चकाकणारा माथा बघत होती. नकळत ती दुसऱ्या पायरीवर उतरली होती आणि पाणी तिच्या गुडघ्यांना लागलं होतं.

"बाबा, तुझे केस चालले."

"जाऊ देत," मास्तर म्हणाले आणि त्यांनी दोन्ही हात पसरले. "तू ये."