दात्यांचं चाक

लातूरच्या घरी पाहुणा आला, की बापूसाहेब जुना सीडी प्लेअर लावून आपल्या सेवानिवृत्तीच्या समारंभाची सीडी दाखवणारच. भाषणात ते वाक्य यायचं, "आमच्या सूनबाईनं, इंदूनं, आमच्यासाठी कॉलेजातली नोकरी सोडली बरं का!" मग टाळ्यांचा कडकडाट, आणि कॅमेरा पहिल्या रांगेतल्या इंदूवर.

त्या यंत्राला कुणाची नजर लागली होती कोण जाणे! सीडीचा ट्रे सरकवणारं प्लॅस्टिकचं दात्यांचं चाक महिन्याआड मोडायचं. बाजारात ते मिळेना. मग इंदूचा नवरा आलोक नांदेडच्या मित्राकडून नवं करून आणायचा. तेवढे आठ दिवस इंदूला घर निवांत वाटायचं.

यावेळी एक चाक बसवून आलोकनं आख्खी पिशवीच तिच्या हाती दिली. "नांदेडला विष्णुपुरीच्या कॉलेजात थ्रीडी प्रिंटरवर पन्नास करून आणलीत! आता बाबांची सीडी जन्मात बंद पडत न्हाई."

ज्या पकडीनं ती दर वेळी चाकाचा दाता मोडायची, तिच्याशेजारीच इंदूनं ती पिशवी ठेवून दिली. बैठकीत पुन्हा टाळ्या सुरू झाल्या होत्या.



आपण नोकरी सोडली हे पहिल्या रांगेतल्या इंदूलाही त्या दिवशी भाषणातूनच कळलं होतं.