हात कापतात

टेप सांगत होता शंभर मीटर, अँटेना सांगत होत्या सत्त्याण्णव. सलग पाचव्यांदा!

अंतराळातून आलेला न्यूट्रिनो नावाचा सूक्ष्म कण बर्फात आपटला की रेडिओची बारीकशी टिचकी उठते. ती ऐकायला तळावरच्या जुन्या तंत्रज्ञाने, सगळ्यांच्या मामांनी, बर्फातल्या खोल भोकांत अँटेना सोडल्या होत्या. अँटेनांचे कान तपासायचे, तर टिचकी मारणारी डबी टेपला बांधून खाली सोडायची आणि विचारायचं, सांगा पाहू, आवाज कुठून आला? उत्तर तीन मीटरने चुकलं, आणि खापर फुटलं मामांच्या डोक्यावर. तळाच्या साहेबांनी चारचौघांत सुनावलं, "अँटेना चुकीच्या खोलीवर लावल्यात. हात कापतात तुमचे. घरी जा."

वीस वर्षं बर्फात काढलेला माणूस! आता बाहेर विमानाचा पंखा फिरत होता. मामा पेटी चढवून आत बसले होते. पुन्हा बोलावणं येणार नव्हतं.

मामांच्या हाताखाली शिकलेली तंत्रज्ञ मुलगी चरफडत टेप गुंडाळत होती. डबीकडचं टोक हातात आलं आणि ती बघतच राहिली. कडीला लागून पहिला आकडा होता तीन. शून्य, एक, दोन गायब. चाकूचा सरळ काप.

"साहेब, टेप कुणी कापला?"

"मीच. गेल्या महिन्यात चाकात अडकला होता." साहेबांनी चहाचा घोट घेतला. "त्यात काय एवढं? यापुढे तीन वजा करत जा."

"आणि मामांना वजा केलंत, त्याचं काय?"

"विमान काय माझ्या बापाचं आहे, थांबवायला? अहवालात बघू."

तिचं डोकंच फिरलं. तिने टेबलावरचा वॉकीटॉकी उचलला. तळावर सगळ्यांच्या कमरेला तो वाजायचा. वाजू दे!

"मामा, टेप तीन मीटर आखूड आहे. साहेबांनीच कापलाय, कुणाला न सांगता. तुमच्या अँटेना जिथल्या तिथे आहेत."

साहेबांचा कप तोंडाशीच थांबला. मग पंख्याच्या घरघरीतून मामांचा आवाज आला.

"पोरी, साहेब आहेत ना तिथे? त्यांना म्हणावं, माझी पेटी उतरवायला या. जड आहे, आणि माझे हात कापतात."