खंडेनवमीचा लॅपटॉप

"अहो, हा फोटो आहे की सतरंजी?" आईने विचारलं, तसा बाबांचा चेहरा पडला. लग्नाचा अल्बम बघायला नवरीकडची मंडळी पाचला येणार होती, आणि आमच्या स्टुडिओतल्या जुन्या लॅपटॉपवर नवरी हिरव्या-जांभळ्या पट्ट्यांमागे गायब झाली होती.

"काय केलंत याला?" मी विचारलं.

"आज खंडेनवमी ना! पूजेला ठेवायचा म्हणून पुसला. म्हटलं, आतूनही स्वच्छ असावा. दिसेल ते सगळं अपडेट करून टाकलं."

मला हसूच आवरेना. नव्याकोऱ्या ग्राफिक्स ड्रायव्हरचं, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, या म्हाताऱ्या लॅपटॉपशी जमत नव्हतं, एवढंच! जुना ड्रायव्हर परत आणला की झालं. पण बाबा आडवे आले. "पूजेतल्या हत्याराला आज कामाला लावायचं नसतं. आणि तू तर त्याला एरवीही हात लावायचा नाही, सांगून ठेवलंय ना!"

"मग पाहुण्यांना अल्बम दाखवणं म्हणजे काय, आराम?"

आई फिसकन हसली. बाबांनी घड्याळाकडे बघितलं आणि पूजेला मांडलेल्या कॅमेऱ्यांच्या रांगेतून लॅपटॉप उचलून गुपचूप माझ्यापुढे ठेवला. मी त्याच्यावरचं झेंडूचं फूल बाजूला केलं, जुना ड्रायव्हर परत आणला आणि लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. नवरी शालूसकट लखलखली!

पाहुणे आले. बाबांनी सवयीने लॅपटॉपसमोरची खुर्ची ओढली, जरा थांबले आणि ती माझ्याकडे सरकवली.

"बस. तूच दाखव. पण सावकाश हं, नवरीच्या वडिलांना प्रत्येक फोटो नीट बघायचाय."