पस्तीस मिनिटांवर

“चारला सरांचा निरोप समारंभ आहे, साहेब. दोनच्या विमानात बसलात तर पस्तीस मिनिटांत इथे पोचाल.”

“माझा नमस्कार सांगा,” धाकटा म्हणाला. “मला जमायचं नाही.”

फोन पलीकडच्या विमानतळावरून होता. विमानांना परवानगी देणाऱ्या तिथल्या टॉवरमध्ये थोरला भाऊ, इथल्या टॉवरमध्ये धाकटा. मधे एकशे ऐंशी किलोमीटर. अकरा वर्षं दोघं रोज एकमेकांशी बोलत होते, पण कामापुरतं. विमान सुटलं, इतक्या वाजता पोचेल, बरं. की फोन खाली. सुरुवातीला एकदा थोरल्याने मधेच “जेवलास का?” असं विचारलं होतं. “कामाचं बोला,” म्हणून धाकट्याने तोडून टाकलं. त्यानंतर रोज तो त्या प्रश्नाची वाट बघायचा, हे त्याने बायकोलाही कधी सांगितलं नाही.

थोरला आज निवृत्त होत होता; उद्यापासून त्याच्या खुर्चीत फोनवरची ही मुलगी बसणार होती. त्यानेच शिकवून तयार केलेली. ती काही हट्ट सोडेना.

“सर सकाळपासून दाराकडे बघतायत. या ना. सख्खे भाऊ तुम्ही.”

धाकट्याचा तोल सुटला. “सख्खा? इथे आई गेली तेव्हा कुठे होता तो? दुपारभर तिचं एकच चाललं होतं, थोरला आला का, थोरला आला का. पस्तीस मिनिटांवर होता! खुर्ची सुटली नाही त्याची. मी बघा, शेजाऱ्यांचा फोन आला तसा हेडफोन फेकून पळत सुटलो. बदलीचा माणूस यायचीही वाट बघितली नाही. नोकरी गेली खड्ड्यात म्हटलं!”

हे तो अकरा वर्षं ज्याला त्याला सांगत आला होता, ताठ मानेने. ऐकणारे हळहळायचे आणि थोरल्याला नावं ठेवायचे. ही मात्र हळहळली नाही.

“त्या दिवशी खुर्चीत मी होते, साहेब,” ती म्हणाली. “एकटीने काम बघायचा माझा पहिला दिवस. सर विमानात बसले होते. पट्टासुद्धा बांधला होता.”

“मग आला का नाही?”

“त्यांनी मला शपथ घातली होती. आज ते चाललेत, म्हणून मोडते. तुमची नोकरी जाऊ नये म्हणून नोंदवहीत त्यांनी विमान न सुटण्याचं कारण इंजिनाचा बिघाड असं लिहायला लावलं. म्हणाले, धाकट्याला कधी कळू देऊ नकोस, जन्मभर स्वतःला खात बसेल.”

“काय कळू द्यायचं नाही?”

“विमान सोडायचं तर पुढच्या टॉवरचा होकार लागतो, साहेब. मी दीड तास फोन लावत होते. तुमच्याकडे कुणी उचललाच नाही.”