आधी धुवायचं

मुलांनो, डोळे मिटा आणि बघा: मे महिना, भोरला आत्याचं घर आणि कशाचीच घाई नाही. सकाळी नदीकाठी भटकायचं, जेवल्यावर गोष्टी वाचायच्या, मग गोधडी शिवायची. सुट्टीला आलेल्या शर्वरीला टाका घालायला आत्यानेच शिकवलं. "जुना कपडा आधी स्वच्छ धुवायचा गं, मगच गोधडीत," हे तर दहादा बजावलं.

त्या दुपारी आत्या आठवडी बाजारातून आली, तशी शर्वरीने गोधडी तिच्यापुढे पसरली.

"आत्या, मधला निळा चौकोन बघ! हेरंबदादाचा शर्ट. तू पांघरलंस की दादा जवळच!"

हेरंब आत्याचा मुलगा. दोन वर्षांपूर्वी तापाने गेला होता.

आत्याने चौकोनाला नाक लावलं. बराच वेळ हुंगत राहिली.

"धुतलास?"

"दोनदा! तूच सांगतेस ना?"

"मी तो एकदाही धुतला नव्हता गं. वासापुरता तरी पोरगा घरात होता."

आत्या रागावली नाही, नुसती खाली बसली.  शर्वरी आत धावली. शर्ट जिच्यात होता ती ट्रंक सकाळपासून उघडीच होती. तिने आत डोकं घालून हुंगलं, झटकन झाकण लावलं आणि दोन्ही हातांनी दाबून धरलं.