पेंढ्याची खोली

“झोपता कुठे?” डॉक्टर उत्तरांनी विचारलं.

एवढा साधा प्रश्न, पण कमलेशने आधी आईकडे पाहिलं. लक्ष्मी शेजारच्या खुर्चीत गुडघे चोळत बसली होती. आठ महिने दवाखान्यांचे जिने चढून तिचे गुडघे पार कामातून गेले होते. आधी कोलशेतचा, मग कळव्याचा, आता हा नौपाड्यातला. सगळीकडे तेच ते: खोकला किती दिवस, ताप येतो का, वजन किती घटलं. झोपता कुठे, हे आजवर एकाही बहाद्दराने विचारलं नव्हतं.

“गोठ्याला लागून खोली आहे, तिथे,” कमलेश म्हणाला. “मलाच बरं वाटतं. घरात उकडतं.”

“अजून काय असतं त्या खोलीत?”

“पेंढा. शर्यतीचे बैल आहेत ना आपले. वर्षाचा मीच भरून ठेवतो.”

“कोरडा?”

“पत्रा गळतो थोडा. खालचा भिजतोच.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “कमलेश, तुम्हाला टीबी नाही. टीबीचा जंतू एकाही तपासणीत सापडलेला नाही, नुसत्या एक्स-रेवरून गोळ्या सुरू झाल्या. तुमच्या फुप्फुसात बुरशी आहे. ओल्या पेंढ्यावर येते तीच. पेंढा हलवला की उडते आणि श्वासातून आत जाते.”

“म्हंजे एकाचं दुसऱ्याला होत नाय?” लक्ष्मी एकदम पुढे सरकली. “घरात याची पोरगी हाय. दोन वर्षांची.”

“नाही मावशी. हे माणसाकडून माणसाला होत नाही.”

झालं! लक्ष्मी मागे टेकली. टीबी हा शब्द कानावर पडला त्याच दिवशी तिने कमलेशची खाट त्या खोलीत नेली होती. कोणाला हातसुद्धा लावू दिला नव्हता. सून रडली, तर तिच्यावरच डाफरली होती. वर ताट वेगळं, तांब्या वेगळा, आणि पोरगी बापाकडे धावली की तिला उचलून आत न्यायचं. नातीला जपते म्हणून स्वतःचंच तिला किती कौतुक वाटायचं! आणि तिकडे पोटचा पोर आठ महिने तो पेंढा हुंगत पडला होता.

“खोटं बोलतो तो,” ती म्हणाली. “उकडतं-बिकडतं काय नाय. मीच त्याला तिथं टाकला.”

“आये, गप ना.”

“काय म्हणून गप? विचारतायत ना त्या?” तिचा आवाज चढला आणि तसाच बसला. भांडायलाही अंगात जोर उरला नव्हता. “बाय, बरा होईल ना गं?”

“औषध आहे. पण वर्षभर तरी घ्यावं लागेल, आणि उजवं फुप्फुस पहिल्यासारखं होईल असं मी सांगणार नाही.”

बैलजोडी एका हाताने आवरणारा तो गडी मान खाली घालून नखं बघत बसला. सदरा त्याच्या खांद्यांवरून ओघळत होता.

डॉक्टरांना राहवलं नाही. खुर्ची पुढे ओढून त्या लक्ष्मीशी हळू बोलू लागल्या. “मावशी, असं मनाला लावून घेऊ नका. त्या खोलीत झाडलोट कोण करतं? तुम्हीच ना? तुम्हाला झालं का काही? ही बुरशी आपण सगळेच श्वासातून घेतो. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिला गिळतात आणि मारून टाकतात. यांच्या रक्ततपासणीत दिसलं, यांच्या पेशी गिळतात, पण तिला मारू शकत नाहीत. वरून माणूस कितीही दांडगा दिसू दे, आत असा दोष असू शकतो. थोडी बुरशी असली तर निभावतं, खूप झाली की नाही निभत. नुसती खोली असती तर एवढं झालं नसतं. हा दोष त्यांना जन्मापासून आहे.”

लक्ष्मीने पदराने तोंड पुसलं. क्षणभर तिला हायसं वाटलं.

“जन्मापासून? ते कुठनं आलं?”

“मुलग्यांमध्ये हे बहुतेक वेळा आईकडून...” डॉक्टर थांबल्या. बोलून गेल्याचं त्यांना फार वाईट वाटलं.

कमलेशने आईचा दंड धरला. तिने तो सोडवून घेतला नाही, रडलीही नाही. तिने फक्त डॉक्टरांकडे पाहिलं.

“बाय, खोलीत मीच टाकला. रक्त पण माझंच. यातलं एक तरी माझं नाय म्हणून सांग ना.”